दोन आज्यांचा गडखाऊ

मे महिन्याच्या सुट्टीत माझी नातवंडं साताऱ्याहून सांगलीला आली, तेव्हा त्यांच्या बॅगेतून सगळ्यात आधी निघाला तो एक स्टीलचा डबा. कपडे, खेळणी, चित्रांच्या वह्या सगळं नंतर. नातीनं तो डबा दोन्ही हातांनी धरून माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "हा इथंच राहू दे हं. आम्हाला लागेल तसं आम्ही घेऊ."

मी विचारलं, "काय आहे त्यात?"

"गडखाऊ," नातू म्हणाला. "आजीनं आणि आम्ही केलाय."

'आजीनं' म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, जावयाच्या आईनं. मुलं साताऱ्याला त्यांच्याच घरात वाढतात, त्यामुळे त्या नुसत्या 'आजी'. मी 'सांगलीची आजी'. आधी गावाचं नाव, मग नातं. ते मला पहिल्यापासून खुपायचं, पण मुलांना काय सांगणार?

मी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचे पातळ काप, ज्वारीच्या लाह्या आणि सगळ्याला लागलेले तीळ. वर मिठाची आणि हळदीची हलकी झाक. बस्स, एवढंच. माझ्या फडताळात त्या वेळी बेसनाचे लाडू होते, शंकरपाळ्या होत्या, भाजणीची चकली होती, आणि नातवाला आवडतात म्हणून मुद्दाम केलेल्या सारणाच्या पोळ्या होत्या. आठवडाभर मी त्यातच होते. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत कुणाकडं डोहाळजेवण असलं, बारसं असलं तरी चकलीचं पीठ कसं भिजवायचं हे विचारायला बायका माझ्याकडं येतात. आणि मुलांनी काय केलं, तर आल्या आल्या हात धुतले, वाट्या घेतल्या आणि तो कोरडा खाऊ खात गॅलरीत जाऊन बसली.

माझी लेक माझा चेहरा बघत होती. म्हणाली, "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. ह्याचे दात किडलेत. डॉक्टर लई रागावले. पुड्यातलं, चिकट, गोड सगळं बंद करा म्हणाले. तेव्हापासून सासूबाई हे करतात. आणि मुलांकडनंच करून घेतात म्हणून मुलं खातात तरी. किल्ल्यावर जाताना खिशात भरून नेतात, म्हणून गडखाऊ."

"बरं आहे की," मी म्हटलं. लाडवाचा डबा परत फडताळात ठेवला.

विहीणबाईंबद्दल सांगायला पाहिजे. त्यांचे यजमान फौजेत होते. त्यांच्याबरोबर त्या पठाणकोटला, जबलपूरला, कुठं कुठं राहून आलेल्या. यजमान गेल्यापासून साताऱ्यातच, मुलाकडं. जन्म सातारा तालुक्यातल्या खेड्यातला, त्यामुळे बोलणं अजून गावाकडचंच, मध्येच एखादा हिंदी शब्द. आमच्या लेकीच्या लग्नात त्यांनी नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. कुणी विचारलं तर सरळ सांगत होत्या, "चपलंनं पाय दुखतो." तेव्हा मी आणि माझी बहीण तोंडावर पदर धरून हसलो होतो. पुढं त्याच बुटांनी त्या रोज सकाळी अजिंक्यतारा चढायच्या, आणि मुलं जरा चालायला लागली तशी त्यांना घेऊन चढायला लागल्या. माझी गुडघेदुखी तोवर सुरू झाली होती. मुलांना काय, बूट घालणारी आणि किल्ला चढणारी आजी. तिच्यापुढं चकलीचा सोऱ्या घेऊन बसणारी कशी टिकणार?

त्या दिवशी रात्री जेवताना नातवानं आमटी-भात अर्धा टाकला आणि नंतर वाटीभर गडखाऊ खाल्ला. तेव्हाच मी ठरवलं की हा खाऊ मी करणार, आणि असा करणार की साताऱ्याच्या डब्याला पुन्हा कुणी हात लावता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन मी गणपती पेठेत गेले. आमच्या नेहमीच्या दुकानात जे जे चांगलं होतं ते घेतलं. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड, जर्दाळू, मगज. नात म्हणाली, "सांगलीची आजी, भोपळ्याच्या बिया आम्ही विकत आणत नाही. भाजीच्या भोपळ्यातल्या काढून वाळवतो." मी म्हटलं, "आपल्याकडं चांगलं आणू या." बेदाणे विकत घ्यायचे नव्हते. ते घरचे. तासगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे, आणि बागेतच बेदाण्याची शेड. जाळीच्या मांडण्यांवर द्राक्षं वाळत असली की शेडमध्ये शिरल्या शिरल्या गोड, उबदार वास येतो. आमच्या हिरव्या, लांबट बेदाण्याला बाजारात नाव आहे. दर वर्षी चांगल्यातला चांगला माल निवडून एक पेटी मी साताऱ्याला पाठवते. त्या डब्यात मात्र मला एकही बेदाणा दिसला नव्हता, आणि ते मी कालपासून मनात धरून होते.

घरी आल्यावर मी कढई ठेवली, त्यात तूप सोडलं. नातू लगेच खुर्ची ओढून ओट्याशी आला.

"तुपात नाही, सांगलीची आजी. कोरडंच भाजायचं."

"तुपात चव येते. तू मागं हो, भाजेल."

"मग मी काय करू?"

"तू बघ."

तो थोडा वेळ बघत राहिला. मी काजू परतले, बदाम परतले, जर्दाळूचे तुकडे केले. नातीनं विचारलं, "मी हलवू?" मी म्हटलं, "थांब गं, करपतील." मग तिनं खोबरं किसायला मागितलं. किसणीनं बोट कापेल म्हणून तेही मी दिलं नाही. काही वेळानं मागं वळून पाहिलं तर स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. खुर्ची तेवढी ओट्याशी होती. बाहेर टीव्ही लागला होता.

खाऊ छान झाला होता. मी तो काचेच्या बरणीत भरला, वरून मूठभर बेदाणे घातले. हिरवे बेदाणे, पिवळे जर्दाळू, पांढरे काजू. दिसायला इतका सुरेख की शेजारणीला बोलावून दाखवावा. संध्याकाळी मुलांना वाट्या भरून दिल्या. नातीनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "चांगला आहे." पाहुणे म्हणतात तसं. नातवानं वाटीतला एकेक बेदाणा वेचून ताटलीच्या कडेला ओळीनं लावला.

मी विचारलं, "हे का काढलेस? आपल्या बागेतले आहेत. गेल्या वर्षी पाडव्याला शेडमध्ये बसून तर पोट दुखेपर्यंत खात होतास."

"आजी म्हणती बेदाणे दाताला चिकटतात. खायचे नाहीत."

"आजी म्हणती?"

"हो. गडखाऊत बेदाणे घालायचेच नाहीत. तो नियम आहे."

नात समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "आणि तिकडं आम्ही करतो ना. इथं तू एकटीच केलास."

मी बेदाण्यांची ताटली उचलली आणि आत जाऊन उभ्यानं ते सगळे खाऊन टाकले. रडू येत नव्हतं, राग येत होता. मीठ-हळद लावलेल्या शेंगदाण्यांनी माझ्या बदाम-पिस्त्यांना हरवलं, ते एक वेळ चाललं असतं. पण माझ्या घरचा माल, मी एकेक दाणा बघून भरलेली पेटी, आणि तो खायचाच नाही असा नियम? मुलं परत गेली तेव्हा त्यांचा स्टीलचा डबा रिकामा होता. माझी बरणी अर्धी तशीच. पुढं कितीतरी दिवस आमचे हे चहाबरोबर तेच खात होते आणि रोज म्हणत होते, "झकास झालंय." त्यांच्या म्हणण्यानं मला काडीचंही बरं वाटत नव्हतं.

गणपती उठून आठवडा झाला नसेल, सकाळीच लेकीचा फोन आला. विहीणबाई किल्ल्यावरून उतरताना शेवाळलेल्या दगडावरून घसरल्या होत्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. जावई आठवडाभर पुण्याला असतो, लेकीचं ऑफिस, मुलांची शाळा. "आई, थोडे दिवस येतेस का?"

"येते की," मी म्हटलं. "काळजी वाटती गं बाई त्यांची." काळजी वाटत होतीच. पण बॅग भरताना मी गुणगुणत होते हेही खरं. आता नातीची वेणीफणी मी करणार, डबा मी भरणार, शाळेतून आल्यावर दार मी उघडणार. साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा गुडघेसुद्धा दुखत नव्हते.

गोडोलीतल्या त्यांच्या घराच्या गॅलरीतून अजिंक्यतारा समोर दिसतो. विहीणबाई गॅलरीतच बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मला बघून उठायला लागल्या.

"बसा हो," मी म्हटलं.

"आवं, तुमास्नी उगा तरास. ह्यो हात असा झालाय, साधं पाणीबी द्याला यीना."

"त्रास कसला. माझीच नातवंडं आहेत."

'माझीच' हा शब्द मी जरा जोर देऊन म्हटला. त्यांनी तो ऐकला असणार, कारण त्या किल्ल्याकडं बघायला लागल्या.

पहिले दिवस माझ्या मनासारखे गेले. मी केलेले घावन मुलांनी आवडीनं खाल्ले. नातीच्या वेण्या मी अशा घातल्या की शाळेत बाईंनी विचारलं म्हणे. पण लवकरच माझ्या लक्षात यायला लागलं की मुलं सगळं माझ्याकडून करून घेतात आणि मग जाऊन विहीणबाईंना सांगतात. शाळेत कोण भांडलं, गणितात काय चुकलं, पोट का दुखतंय, सगळं तिकडं. मी दार उघडायचे, आणि मुलं माझ्या बाजूनं पळत गॅलरीत. त्यांच्या प्लास्टरवर रोज काहीतरी नवं चित्र उमटायचं. एक दिवस मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. किल्ला होता, सूर्य होता, कुत्रं होतं, बूट होते. मी कुठं नव्हते. मला काय, हाड मोडलेलं नव्हतं.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मुलं जेवली आणि विहीणबाई खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "पलटण, डबा रिकामा झालाय. हात धुवा."

मुलं धावत मोरीवर गेली. मी पदर खोचला आणि कढई घ्यायला पुढं झाले, तर नातवानं ती आधीच दोन्ही हातांनी ओट्यावर आणली होती. खालच्या कप्प्यातून परात आली, सूप आलं, वाळवलेल्या बियांची पिशवी आली. कोण काय करणार हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. नात गॅसपाशी उभी राहिली. एरवी विहीणबाई तिच्या शेजारी उभ्या राहत असाव्यात, त्यांनी मला खुणेनं तिथं उभं राहायला सांगितलं.

"आच बारीक हाय का बघा तेवढी. बाकी तिला करू द्या."

नातीनं शेंगदाणे टाकले आणि उलथनं फिरवायला लागली. हळू, एका लयीत. माझा हात दोनदा पुढं गेला. दुसऱ्यांदा विहीणबाई म्हणाल्या, "आवं, करपलं तर करपलं. खाणार त्येच हायती." नातीनं एक दाणा उचलला, फुंकर घातली, चावून बघितला आणि स्वतःच गॅस बंद केला. दाणे नेमके भाजले होते. मी केले असते तरी तसेच झाले असते, त्याहून चांगले नाही.

गार झालेले दाणे नातवानं फडक्यात बांधून चोळले आणि सुपात घेऊन गॅलरीत पाखडायला लागला. पाखडणं कसलं, निम्मे दाणे जमिनीवर, टरफलं त्याच्या केसांत. मी सूप घ्यायला गेले.

"सांगलीची आजी, तू फक्त बघ," तो म्हणाला.

हे माझेच शब्द होते हे त्याच्या गावीही नव्हतं. मी आत येऊन उभी राहिले. विहीणबाई बघत होत्या. "सांडू द्या वो," त्या म्हणाल्या. "वेचताना त्येच मोजत्यात, त्येच खात्यात. तेवढंच दुपार सरती." मग मुलांनी फुटाणे, बिया, खोबरं, लाह्या परातीत ओतल्या, तीळ तडतडवून घातले, मीठ-हळद भुरभुरली, आणि नातवानं कोपरापर्यंत हात घालून सगळं कालवलं. नात चव बघून म्हणाली, "मीठ अजून." विहीणबाईंनी चव बघितलीच नाही. ती म्हणाली म्हणजे मीठ अजून.

मी उभी राहून हे बघत होते आणि मला त्यांचा फार हेवा वाटत होता. त्यांच्या त्या स्वस्थ बसण्याचा हेवा. माझ्या हातून ते कधीच झालं नसतं. माझ्या लेकीला मी पोळी लाटायला दिली ती तिचं लग्न ठरल्यावर.

डबा ठेवायला म्हणून मी वरचं कपाट उघडलं आणि तिथं मला बेदाण्याच्या पेट्या दिसल्या. या वर्षीची आणि गेल्या वर्षीची, एकावर एक. या वर्षीच्या पेटीची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. कपाट बंद केलं. मुलं खाली खेळायला जाईपर्यंत मी थांबले, मग चहा केला, त्यांच्या डाव्या हाताला कप दिला आणि विचारलंच.

"विहीणबाई, आमच्या बेदाण्यांत काही खोट आहे का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "का वो?"

"दोन वर्षांच्या पेट्या तशाच आहेत वर. मुलं म्हणतात बेदाणे खायचे नाहीत असा नियम आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मग मला कळवायचं. मी दुसरं काही पाठवलं असतं."

बाहेर मुलांचा आरडाओरडा चालला होता. मला वाटलं आता त्या काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. पण तसल्या बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"डाक्टर चाकलेटं, गोळ्या म्हनला व्हता," त्या म्हणाल्या. "बेदाणं म्याच घातलं त्यात."

"का?"

"बेदाणा तोंडात पडला की पोरं सांगली सांगली करत्यात. शेडमधी कसं बसलो, आजोबांनी कसं खांद्यावर घ्येतलं, सांगलीच्या आजीनं कसला लाडू दिला. त्यो धाकटा तर गेल्या साली पाडव्यास्नं परत आला आन आठ दिस जेवला न्हाई. रोज म्हनायचा, मला सांगलीला सोड. मी त्येला किल्ल्यावर न्यायची, पाठकुळी घ्यायची, तरी त्येचं आपलं त्येच. म्हनलं, ह्ये बेदाणं डोळ्याम्होरनंच काढावं."

मी कप हातात धरून बसले होते.

"तुमचं बरं हाय," त्या पुढं म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण थांबल्याही नाहीत. "तुमच्याकडं पोरं पाव्हणी. सकाळी उठवायचं न्हाई, अभ्यास न्हाई, दात घासा म्हनून मागं लागायचं न्हाई. तुमी लाडू करायचं आन पोरांनी गळ्यात पडायचं. हितं दिसभर रागावती ती मी. मग किल्ल्यावर न्हेती, खाऊ करती, तवा कुठं आजी बरी. मला न्हाई तुमच्यासारखं लाडू येत. माझं लाडू बसतच न्हाईत. सुगरण म्हनून तुमचं नाव निघालं की मला लय लागतं."

मी आयुष्यात पुष्कळ जणींचा हेवा केला आहे. शाळेत असताना गोऱ्या मैत्रिणीचा, लग्नानंतर नोकरी करणाऱ्या जावेचा, अलीकडं या बाईंचा. माझा कुणी करत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर मला त्यांची कणव यायला हवी होती. एका हातानं चहा पिणारी बाई, मनगट मोडलेलं, आणि अशा सरळपणे सांगत होती. थोडी आलीही. पण त्याआधी जे वाटलं ते फार सुखाचं होतं. मी त्यांना विचारलं, "खरंच आठ दिवस जेवला नाही?"

"खोटं कशाला बोलू?"

"काय काय म्हणायचा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "पुरं आता," त्या म्हणाल्या. "चा गार व्हतोय."

मुलं वर आली तेव्हा त्यांनी नातवाला कपाटातली पेटी काढायला सांगितलं. त्यानं विचारलं, "पण चिकटतात ना?"

"चिकटत्यात. खाल्ल्यावर चूळ भरायची, म्हंजी झालं."

"नियम बदलला?"

"बदलला."

मुलांनी परात पुन्हा खाली घेतली. बेदाणे किती घालायचे यावरून बहीणभावांचं भांडण झालं, आणि ते सोडवायला मुलं माझ्याकडं आली, कारण बेदाणे माझे. मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा." हे म्हणायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. त्यांनी भरमसाट घातले.

रविवारी मुलांनी हट्ट धरला की किल्ल्यावर जायचं. विहीणबाईंना जाता येत नव्हतं, म्हणून मी निघाले. गाडीरस्त्यानं चालत गेलो, तरी पहिल्या वळणावरच मला दम लागला. मुलं चार पावलं पुढं जायची, परत मागं यायची. निम्म्यावर एका कठड्याला मी बसलेच. नातीनं खिशातून खाऊ काढून माझ्या हातावर ठेवला. शेंगदाणे खारट, मध्येच बेदाण्याचा गोडवा, तीळ दातांखाली. खाली सातारा शहर उन्हात पसरलेलं. चव फार छान होती. तुपाची गरज नव्हती.

"आजी इथं कधीच बसत नाही," नातू म्हणाला. "ती एकदम दरवाजाशी जाऊन थांबते."

"तू हळूहळू ये," नातीनं समजूत घातली. "आम्ही दरवाजाला हात लावून येतो."

ती दोघं पळत वर गेली. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या बघत बसले आणि ती बाई इथून रोज, या वयात, न थांबता कशी जाते याचा विचार करत राहिले. येणारी-जाणारी माणसं मला विचारत होती, "बरं वाटत नाही का आजी?" त्यातल्या एकीनं तर मुलं परत आल्यावर त्यांना ओळखून विचारलं, "ह्यांची आजी कुठाय आज?" मी म्हटलं, "मीच." ती जरा गोंधळली. म्हणाली, "न्हाई, त्या बूटवाल्या."

प्लास्टर निघालं आणि माझं काम संपलं. निघायच्या आदल्या दुपारी विहीणबाईंनी मला लाडू शिकवायला सांगितलं. मी बेसन भाजलं, त्यांनी पाक केला आणि बरा झालेला हात जपत लाडू वळायला घेतले. खरंच बसत नव्हते. पाक कुठं चुकत होता ते मला पहिल्याच लाडवाला कळलं होतं. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पण सांगायला थोडा वेळ घेतला.

स्टँडवर सगळी पोचवायला आली. सांगली गाडी लागली तसा नातू माझ्या पदराला धरून रडायला लागला. मोठ्यांदा नाही, नाक ओढत, माझ्या पोटात तोंड खुपसून. "तू जाऊ नको," म्हणत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर पाहिलं तर समोर विहीणबाई. त्यांचा चेहरा बघितला आणि मी नजर दुसरीकडं वळवली. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता.

खिडकीशी जागा मिळाली. कराडपर्यंत मला फार बरं वाटत होतं. पदर अजून ओला होता. उसाची शेतं, उंब्रजचा पूल, सगळं छान दिसत होतं. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक चढले-उतरले, मी पाण्याची बाटली काढली, आणि मग वाटायला लागलं की एव्हाना त्याचं रडू थांबलं असेल. ते कुणी थांबवलं असेल हे मला माहीत होतं. तिनं त्याला उचलून घेतलं असेल, दुखऱ्या हातानंच, आणि दोघं हसत घरी गेली असतील. कासेगाव यायच्या आत मी लेकीला फोन लावला.

"रडतोय का गं अजून?"

"छे," ती म्हणाली. "ते कधीच किल्ल्याकडं गेले."